मोज्यावरचं पाणी

गुडघे टेकले प्रार्थनेला,
तेच टेकू सेवेला.

मंडळी, हे एवढं एकच ध्रुपद आज पुन्हा पुन्हा म्हणायचं आहे. त्याआधी एक प्रश्न विचारते. प्रभूची आज्ञा पाळली असं आपण केव्हा म्हणायचं? विधी पार पडला म्हणजे? की ज्याच्यासाठी विधी होता त्याचं काम झालं म्हणजे? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

आपल्या जिल्ह्यात नदीकाठी पिंपळदरा नावाचं गाव आहे. तिथं दगडी ख्रिस्तमंदिर, मंदिराला मनोरा, मनोऱ्याला सत्तावीस पायऱ्या आणि वर घंटा. घंटा वाजवायला नथानिएल भांबळ. सगळे त्यांना नाथाबाबा म्हणत. मागेपुढे कोणी नाही. मनोऱ्याखालच्या खोलीत राहायचे आणि दिवसातून दोनदा वर चढायचे.

त्या गावात पवित्र गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे पाळकसाहेब बारा जणांचे धुतात. बारा खुर्च्या आणि बारा ठरलेली घराणी! बाप गेला की मुलगा बसतो. आणि मंडळी, हे बाराही जण त्या दिवशी दुपारी घरी काय करतात? वजरीनं पाय घासतात! साबण लावतात, नखं कापतात, एकजण तर अत्तर लावून येतो. चारचौघांत पाय दिसणार ना. मग पाळकसाहेब चांदीच्या तांब्यातून पाणी घालतात. किती? दोन चमचे. धुतलेल्या पायांना आणखी किती लागणार?

मागोमाग भगिनी मंडळाच्या अध्यक्षा ताबिथाबाई उजगरे टॉवेल घेऊन चालतात. बारा पांढरे टॉवेल, कडेला क्रोशाची लेस, खळ घालून कडक इस्त्री केलेले. इतके कडक, की पाणी टिपतच नाहीत. हसू नका. आपल्या मंदिराच्या कपाटातही असं काही घडी करून ठेवलेलं असेल.

त्या वर्षी बारावी खुर्ची रिकामी राहिली. तिचे मालक लेकाकडे पुण्याला गेले होते. विधी अडला. पाळकसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मनोऱ्याच्या दाराशी नाथाबाबा उभे होते. साहेब म्हणाले, बाबा, या, बसा.

बाबांना नाही म्हणता येईना. येऊन बसले. एप्रिलचा उन्हाळा, आणि पायांत काळे लोकरीचे मोजे!

साहेबांनी मोजे काढायला सांगितलं. बाबा हळूच म्हणाले, “असू द्या, साहेब. वरूनच घाला.”

मंडळी, आपण तिथं असतो तर काय केलं असतं? मागं सगळी मंडळी बसलेली, गीताचं शेवटचं कडवं सुरू. साहेबांनी मोज्यावर पाणी घातलं. दोन चमचे. आणि पुढं सरकले. विधी पूर्ण!

ताबिथाबाई टिपायला वाकल्या. टॉवेल दाबला. उचलला, तर त्यावर पिवळट-लाल डाग. वासही आला. त्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोरात, आणि बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा जसाच्या तसा.

“बाबा, दुखलं नाही?”

“नाही, बाई. काहीच नाही.”

“हेच वाईट आहे,” बाई म्हणाल्या.

बाईंच्या यजमानांना साखरेचा आजार होता, म्हणून त्यांना हे माहीत होतं. या आजारात पायाची जाणीव जाते. खिळा लागतो, कळत नाही. जखम चिघळते, कळत नाही. दुखणं हा निरोप असतो, आणि निरोप पोहोचवणाऱ्या नसाच मेलेल्या असतात. नाथाबाबांच्या चपलेचा खिळा तीन आठवडे टोचत होता. डाग दिसला तेव्हा त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि मोजा चढवला.

दाखवलं का नाही कोणाला? कारण मंदिराच्या पंचांमध्ये चर्चा चालू होती, की घंटेऐवजी विजेवरचा भोंगा बसवावा. पायऱ्या चढवत नाहीत असं कळलं असतं, तर घंटा गेली असती, आणि घंटेबरोबर खोली. पाय झाकला की छप्पर टिकतं, असा त्यांचा हिशेब.

बाई खाली बसल्या. गुडघे टेकले. मोजा सोलून काढला, आणि पुढच्या बाकांवरचे लोक मागं सरकले. एक ज्येष्ठ पंच उभे राहून म्हणाले, आपण बाबांसाठी प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना मनापासूनची होती आणि लांबलचक होती. आमेन म्हणून डोळे उघडले, तोवर बाईंनी चांदीचा तांब्या रिकामा केला होता, एक टॉवेल पायाखाली, दुसरा वरून गुंडाळला होता, आणि गाडी कोणाची आहे असं विचारत होत्या.

गुडघे टेकले प्रार्थनेला, तेच टेकू सेवेला. म्हणा माझ्याबरोबर!

आता खरी अडचण ऐका. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार. पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’ हा, ताबिथाबाईंकडे होता. पिंपळदऱ्यात आजवर एकाही बाईला उद्गार मिळाला नव्हता! बाईंनी तो मागून घेतला होता, दोन वर्षं भांडून. अकरा पानं लिहिली होती. पाठही केली होती.

आणि तालुक्याच्या दवाखान्यातून फोनवर निरोप आला, की सकाळी डॉक्टर येतील, घेऊन या, उशीर नको.

पंच म्हणाले, ईस्टर होऊ द्या, तीन दिवसांनी काय होतंय. बाबाही तेच म्हणाले. “रविवारची घंटा वाजवतो आणि मग येतो. कुठं पळून जातोय?”

“तीन दिवसांनी पाय जाईल,” बाई म्हणाल्या. “मग कुठं पळाल?”

त्यांनी अकरा पानांची वही पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि सकाळी बाबांना घेऊन गेल्या.

शुक्रवारी चौथा उद्गार संपला. साहेब वही घेऊन उठले, उघडली, आणि मिटली. म्हणाले, या पानांवर बोलायचा हक्क मला नाही, मी मोज्यावर पाणी घालणारा माणूस आहे. आणि बसले. पुढं सहावा, पुढं सातवा. नंतर अंगणात ते ज्येष्ठ पंच कुरकुरले, यंदा सहाच उद्गार झाले.

खरंच सहा झाले? त्याच सुमाराला दवाखान्याच्या रांगेत बाबांनी बाईंकडे पाणी मागितलं होतं. एकदा, दोनदा, चार वेळा. साखर वाढली की माणसाला तहान फार लागते. हे वैद्यकशास्त्र आहे, मी याला चमत्कार म्हणणार नाही. पण बाईंनी चारही वेळा उठून पाणी आणून दिलं, आणि पाचवा उद्गार तिथं झाला. तुम्ही मोजताना तो धरायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

बाबांची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. उगाच गोड करून सांगत नाही. दोन बोटं गेली ती गेलीच.

रविवारी घंटा पाळकसाहेबांनी वाजवली. इतकी वेडीवाकडी, की गावाला वाटलं आग लागली, चारजण बादल्या घेऊन आले! पुढं अडीच महिने त्या बारा घराण्यांनी पाळी लावून घंटा वाजवली, आणि सत्तावीस पायऱ्या चढल्यावर भोंग्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही, कारण म्हातारा काय करत होता ते मांड्यांना कळलं. खोलीला कुलूप लागलं नाही. भगिनी मंडळानं रोज एकीनं जाऊन जखमेची पट्टी बदलली. बारा टॉवेलांची खळ उकळून काढली. मऊ झाले. आता ते पाणी टिपतात.

पुढच्या पवित्र गुरुवारी बाबा बाराव्या खुर्चीत बसले. आठ बोटं, मोजे नाहीत. साहेबांनी पाय धुतले, आणि पाणी दोनदा भरून आणावं लागलं.

तर मंडळी, आता प्रश्न तुमच्याकडे वळवते. तुमच्या मंडळीत मोजे घालून कोण बसलंय? कोणाचं दुखणं तुम्हाला ठाऊक नाही, कारण ते सांगितलं तर त्याचं काही जाईल असं त्याला वाटतं? तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केलीही असेल. वरूनच. दोन चमचे.

आता आपण प्रार्थना करू. डोळे मिटा. पण फार लांबवणार नाही. आमेन म्हटल्यावर डोळे उघडा आणि शेजारी नीट पाहा. पाण्याचा रांजण बाहेर दाराशी आहे, तांब्या त्याच्यावरच पालथा घातलेला आहे.