पापा म्हणजे लेकरू

(बरकतपुरा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दुपारचे बारा. आतल्या खोलीत रसिकाची सात महिन्यांची मुलगी झोपली आहे. बाहेर रसिका, घरकाम करणारी जयवंता आणि पोलीस त्रिवेणी.)

त्रिवेणी : …नहीं मॅडम, औरत को स्टेशन कू नहीं बुलाते. जहाँ रहती वहींच पूछना पडता. ये अम्मा आपके घर में रहती, तो मैं सब-इन्स्पेक्टर होके बी चढके आई ना तीन माले!

रसिका : पर तर्जुमा मैं कैसे करूँ? शिकायत तो हमारीच है.

त्रिवेणी : बराबर नहीं है, मालूम मेरेकू. सुलतान बाजार के मराठी मास्टर कू तीन फोन करी, उठारेच नहीं. अम्मा कू तेलुगू नहीं आती, मेरी हिंदी नहीं समझती. आपके साब बी ऑफिस गए. जैसा बोली वैसाच बोलो, बस. ये फोन सब रिकॉर्ड कररा. पहले बोलो उसकू, चुप रहने का हक है. वकील से बी बात कर सकती.

रसिका : मावशी, बाई म्हणतायत, तुम्हाला गप्प राहायचा हक्क आहे.

जयवंता : हक? हक तर भावकीत मागत्यात, जमिनीचा. मला कुणी दिला?

रसिका : तसा नाही. बोलला नाहीत तरी चालेल, असं.

जयवंता : कालपासून गप्पच हाय की म्या, ताई. दोन महिने झाले या शहरात येऊन, तुमच्याबिगर बोलू कुणाशी?

रसिका : आणि वकील हवा असेल तर—

जयवंता : वकील? नको माय, नको! आमच्या दिराला वकील दिला न् सा महिने आत घातला. नको!

त्रिवेणी : नक्को. ये समझी मैं. तुम्हारा बी नक्को, हमारा बी नक्को. लिख लेती, वकील से इन्कार.

रसिका : मॅडम, वो… डर के बोली.

त्रिवेणी : डर के बोली तो बी नक्को तो बोली ना? काटना है तो बोलो, काट देती.

रसिका : …रहने दीजिए.

त्रिवेणी : अब बोलो, किस बात कू पूछरे हम.

रसिका : मावशी, ऐका. काल दुपारी दोनला मी शर्वरीला पाजून झोपले. तीनला जाग आली तर पाळणा रिकामा, दार सताड उघडं. साडेतीनला खालच्या आंटींना ती गच्चीवर सापडली. टाकीच्या सावलीत, कपड्यांच्या निळ्या टबात. माझ्या ओढणीत गुंडाळलेली. घरात तुम्ही आणि मी, दोघीच होतो. मंदारनं तुमचं नाव दिलंय.

जयवंता : साहेबानं?

रसिका : हो.

जयवंता : आन् तुमी?

रसिका : मी… मी तर झोपले होते.

त्रिवेणी : क्या बोलरी?

रसिका : कुछ नहीं. साब का नाम पूछ रही है.

त्रिवेणी : ऐसा टाइमपास नक्को. मेरी तरफ देखो अम्मा. पापनु नुव्वे तीसुकेळ्ळावा?

जयवंता : व्हय माय. पाप झालं. माझ्याच हातून झालं.

त्रिवेणी : देखो! खुद बोली! पापा बोली! मॅडम, तुम्हारे में पापा बोलेतो बाप होता, हमारी तेलुगू में बच्ची. 'पापा कू तूच ली क्या' पूछी मैं.

रसिका : मालूम है. वॉचमन, इस्त्रीवाले, सब उसको पापाच बुलाते.

त्रिवेणी : फिर? हां बोली ना ये?

रसिका : एक मिनिट. मावशी, कसलं पाप? काय केलंत तुम्ही?

जयवंता : केलं नाई, ताई. बगितलं न् इचारलं नाई, त्ये पाप.

रसिका : काय बघितलंत?

जयवंता : तुमाला.

रसिका : हळू बोला.

जयवंता : म्या सैपाकघरात लसूण सोलत व्हते. तुमी लेकरू छातीशी धरून दाराकडं निघाल्या. डोळे उघडे व्हते. म्या म्हणलं, ताई, उन्हाचं कुठं? तर माझ्याकडं बगितलं तुमी, पर असं बगितलं जसं म्या भिंत हाय. ओठातल्या ओठात जोजो चालू व्हतं. मला वाटलं, खालच्या आंटींकडं देत असाल, रोज देता तशी.

रसिका : मी नाही. मी उठलेच नाही.

जयवंता : वाईच वेळानं परत आल्या. जोजो तसंच चालू. हात बी तसेच, ताई. लेकरू असल्यागत हलवीत व्हत्या. रिकामे.

रसिका : पुरे.

जयवंता : मंग निजल्या. तळपायाला चुना लागलेला, गच्चीवरला पांढरा. चादर घाण हुईल म्हणून म्या वल्ल्या फडक्यानं पाय पुसले. तुमी हलल्या बी नाई. त्येव्हा तरी इचारायचं मला, लेकरू कुठं ठिवलं म्हणून. नाई इचारलं.

त्रिवेणी : बाप रे, इत्ता लंबा! क्या बोली?

रसिका : बोली… आँख लग गई थी. कुछ याद नहीं.

त्रिवेणी : बस? पाँच मिनिट बोली ना वो?

रसिका : मराठी में लंबा होता है.

त्रिवेणी : और पाँव कू हाथ लगा के क्या दिखाई?

रसिका : …माफी माँग रही थी.

त्रिवेणी : अच्छा. लिख लेती.

जयवंता : सांगितलं का, ताई?

रसिका : सांगितलं.

जयवंता : मंग बाईनं दोनच वळी कामून लिवल्या?

रसिका : मावशी, तुम्ही यायच्या आधीचं आहे हे. बाळंतपणानंतर मी दोनदा अशी झोपेत चालले, तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, पुन्हा झालं तर पोरीला पुण्याला नेईन. मंदारनंही मान डोलावली. एकदा नेली की परत देणार नाहीत हो ते. मी वेडी ठरेन. तुम्हाला काही होणार नाही. चार दिवसांत सोडतील. मी स्वतः येईन न्यायला.

जयवंता : म्हंजी म्या गप्प ऱ्हायचं?

रसिका : मी तसं म्हटलं नाही.

जयवंता : न्हाई, मगाशी त्यो हक सांगितला ना तुमी, गप्प ऱ्हायचा. त्यो असाच असतो का? कुणाच्या तरी लेकरासाठी?

त्रिवेणी : आपस में बातां नक्को मॅडम. क्या पूछरी?

रसिका : पूछ रही है… चुप रहूँ तो चलेगा क्या.

त्रिवेणी : चलेगा बोलो. हकीच है. पर अब क्या फायदा, बोल तो दी. अम्मा, इदर अंगूठा. हां, जोर से दबाओ.

जयवंता : कशाचा अंगठा हाय, ताई?

रसिका : तुम्ही सांगितलेलं लिहिलंय, त्याचा.

जयवंता : म्या सांगितलेलं? का तुमी सांगितलेलं?

त्रिवेणी : मॅडम, नीचे आपका साइन. 'जैसा बोली वैसाच तर्जुमा करी.' पेन लो… हां, यहाँ. हो गया. अम्मा, चप्पल पैनो. अब अरेस्ट है, थाने चलो, मैं हूँ साथ में, डरो मत. बोलो ना मॅडम उसकू, डरो मत बोलके.

रसिका : मावशी… घाबरू नका.

जयवंता : म्या नाई भीत. बाटली उकळून ठिवली हाय, वरच्या फळीवर. लसूण सोलायचा ऱ्हायला तेवढा. आन् ताई, एक ऐका. आज दुपारी निजू नका. आता घरात जागं ऱ्हायला कुणी नाई.

त्रिवेणी : जाते जाते क्या बोली?

रसिका : बोली… दोपहर कू मत सोना.

त्रिवेणी : कौन, आप? कैकू?

रसिका : मॅडम, वो फोन की रिकॉर्डिंग अभी बंद मत करो.