दारातली वही

कोरियातल्या गुनसान शहरात दंतवैद्याकडे नंबर लावून बसलेल्या बोक-निमच्या तोंडावर मास्क होता, म्हणून मागच्या बाकावरच्या दोघींनी तिला ओळखलं नाही. तिने मात्र आवाजावरून ओळखलं. तीन वर्षांपूर्वी चर्चची मंडळी फुटली, तेव्हा त्या दुसऱ्या गटात गेल्या होत्या.

"ताई, शनिवारी त्यांच्या गटाकडे कोबीची किमची घालायला जायचं ना?"

"जाऊ. पण दारातल्या हजेरीच्या वहीत नाव लिहायचं नाही."

"का?"

"कोर्टात दाखवतील. म्हणतील, हे बघा, सगळे परत आमच्यात आले, आता चर्चची इमारत आमचीच."

"कोबीला मसाला चोळायला बोलावून असं करतील?"

"मागे समेटाच्या प्रार्थनेला बोलावलं होतं. आपण आत गुडघे टेकून बसलो आणि बाहेर त्यांनी आपल्या गटाच्या खोलीचं कुलूप बदललं."

"पण या वेळी बोक-निमताईंनी स्वतः चिठ्ठी पाठवलीय."

"तिलाच पुढे करणार ना. माझ्या बाळंतपणात एकवीस दिवस बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सार घेऊन यायची. तिला नाही कोण म्हणेल?"

"म्हणजे त्यासुद्धा सामील?"

"तेवढंच मला कळत नाही बघ."

बोक-निम उठून जिन्यात गेली आणि तिने आपल्या गटाच्या पाळकांना फोन लावला.

"शनिवारी दारात वही ठेवू नका."

"अहो भगिनी, ती तर नेहमीचीच वही."

"मग एक दिवस नसली तर काय बिघडतं?"



"थांबा," पाळक म्हणाले, "वकिलांना विचारून सांगतो."