बिनकागदाची गाडी

अहो, बिनकागदाची गाडी मी एकदाच घेतली. पुतण्या महेशला शर्यतीची जुनी मोटरसायकल हवी होती. देवरूखजवळ एका म्हाताऱ्याकडे मिळाली.

"कागद?" मी विचारलं.

"ही फक्त ट्रॅकवर पळवायची. हिला नंबर नाही, कागद नाहीत. माझ्या मुलाची आहे."

चोरीची निघाली तर महेश अडकायचा. मी म्हटलं, "मग देवळात चला. नारळ हातात घेऊन बोला, हिच्यावर हक्क सांगायला दुसरं कोणी येणार नाही."

महेश हसला. "काका, इन्शुरन्सपण देवच काढणार काय?"

देवळात म्हाताऱ्याने नारळ धरला. दोनदा तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मला संशय आला.

"बोला की! मुलगा येईल काय भांडायला?"

त्याने नारळ माझ्या हातात दिला.

"शिमग्याआधी तापाने गेला तो. येणार नाही, कळतं मला. पण देवापुढे ते माझ्या तोंडून वदवू नका हो."

महेशने मान खाली घातली. मग मीच देवापुढे उभा राहिलो. म्हटलं, "ह्यांचा मुलगा मागायला आला, तर आम्ही गाडी परत देऊ."