आधी पाणी, मग पीठ

बेळगावच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बोरगावचं जोडपं बसलं होतं. तिचं ऑपरेशन होतं.

"अवो, लेकीनं दिलेल्या मशिनात ब्रेड करून खावा. आधी पाणी, मग पीठ, वर यीस्ट."

"उलटायचा कवा?"

"भाकरी हाय व्हय ती? काल झाकण उघडून उलटायला गेलासा, बसला की न्हाय ब्रेड खाली!"

"एक बाजू कच्ची ऱ्हाईल वाटलं गं."

"महिनाभर मला भाकरी थापायला जमणार न्हाय."

"नगं थापूस. नुसती घरला ये."

नर्सनं तिला आत नेलं. तो एकटाच पुटपुटत राहिला.

"आधी पाणी, मग पीठ, वर यीस्ट. आन् झाकण?"

"उघडायचं न्हाय," मी म्हणालो.