मार्था वहिनीची खिडकी

घर बांधताना डोकं शांत ठेवावं म्हणता, पण आमच्या मार्था वहिनीचं ऐकाल तर तुमचंही फिरेल. माझ्या भावाची बायको, मूळची पोलंडची. पारनेरजवळ डोंगराच्या उतारावर दोघांनी घर बांधायला काढलं. भाऊ पुण्याला नोकरीला, म्हणून कामावर रोज उभी राहायची ती. मराठी आपल्यासारखीच बोलते. तिचा हट्ट एकच होता, स्वयंपाकघराला दरीकडे मोठी खिडकी हवी.

एकदा व्हिसाच्या कामासाठी मी तिला नगरला घेऊन गेले. परत येऊन बघतो, तर खिडकीच्या जागी सरळ भिंत!

"खिडकी कुठे गेली?" तिनं ठेकेदाराला विचारलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लई वारं येत हुतं ताई. बुजवून टाकली."

"माझ्याशी बोला. कुणाला विचारून बुजवली?"

"दादांला फोन केला हुता. ते म्हनले, तुमाला बरं वाटंल तसं करा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उन्हातान्हात उभी राहिली ही, आणि विचारलं कुणाला, तर पुण्यात बसलेल्याला! सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?

वहिनीनं कोपऱ्यातला घण उचलला आणि त्या ओल्या भिंतीवर घातला.

"अहो वहिनी, काय करताय हे?" ठेकेदार ओरडला.

"लावा दादांना फोन," ती म्हणाली, "आणि विचारा, हिला पाडू देऊ का म्हणून."

फोन लागेपर्यंत निम्मी भिंत खाली आली होती.