‘पूर्वी’चा धोटा

गेल्या वर्षीची गंमत सांगते. वडगावच्या आमच्या शाळेत मी पाचवीला बेळगाव शहराचा इतिहास शिकवत होते. पुस्तकात शहराला जेमतेम दोन पानं. म्हणून मुलांना म्हटलं, “घरातली जुनी वस्तू आणा. आपण वर्गातच प्रदर्शन मांडू.”

दुसऱ्या दिवशी कुणी पितळी डबा आणला, कुणी कंदील. विणकराच्या श्रावणीनं मागावरचा धोटा आणला. साडी विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेतो ना, तो लाकडी धोटा. मी खूश! लगेच सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली, ‘पूर्वी विणकर हा धोटा वापरत.’

तासाभरात श्रावणीचे वडील धापा टाकत वर्गाच्या दारात.

“बाई, आमचा धोटा हितं आलाय व्हय? सकाळधरनं माग बंद हाय. लग्नाची साडी आज द्यायची हाय, नवरीचा मामा येऊन बसलाय!”

श्रावणी रडवेली होऊन म्हणाली, “आप्पा, तुमीच म्हणतासा न्हवं, लई जुना झालाय म्हणून?”

आप्पांनी धोटा उचलला आणि खालची चिठ्ठी वाचली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी टेबलावरचं माझंच पेन घेतलं, ‘पूर्वी’वर शांतपणे काट मारली आणि म्हणाले,

“बाई, आमास्नी इतिहासात घालायचं तर घाला. पर हातातली साडी तरी पुरी होऊ द्या!”