साडूचं साडेतीन तासांचं विमान

चहा घ्या, मग सांगतो परवा मी माझ्या साडूवर कसा जळलो ते. घरी आले अन् मोबाईलवर तिकीट दाखवून म्हणाले, "आम्ही दोघं पोराकडे चाललो, अमेरिकेले. दिल्लीहून पहाटे चारले उडते, सकाळी साडेसातले सॅन फ्रान्सिस्को. साडेतीन तास!"

माझ्या अंगाची आग झाली. मले रायपूरहून नागपूरले जायले रेल्वेनं पाच तास लागते! इथं रायपुरातच, उरला एमआयडीसीसारख्या भागातल्या कारखान्यात जन्म गेला आपला, अन् हा माणूस साडेतीन तासांत अमेरिकेत?

माझी पोट्टी रायपुरातच वाढलेली, हिंदीतच बोलते. ती हसली. "मौसाजी, साढ़े सात वहाँ की घड़ी में है. बारह हज़ार किलोमीटर है, पूरे सोलह घंटे बैठना पड़ेगा."

साडूचं तोंड उतरलं अन् माझ्या कलेज्यात थंडक पडली. बायकोले म्हटलं, "सोळा तास! तुझ्या बहिणीचे पाय सुजतील, पाहा."

बायकोनं माझा चहा समोर आदळला. "सोळा तास नुसती बसून राहीन माझी बहीण! कोणी चहा मागणार नाही, उलट तिलेच आणून देतील."

तेव्हापासून घरी चहा मीच करून राहिलो. साखर कमी असन तर सांगा.